गजूदादांचा काळा पडलेला फोटो

गजूदादा गेले.

डोकंच चालून नाही राहिलं माझं.

काल सकाळी दुकानात कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या, खुर्चीत टेकले, आणि संपलं सगळं. अटॅक. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती हो!

कळमनुरीत त्यांचा फोटो स्टुडिओ. ते लग्नाचे फोटो काढायचे, मी कॉम्प्युटरवर एडिटिंग करायची.

रोजचं भांडण एकच. मी म्हणायची, "दादा, रॉमध्ये काढा."

"काहून? कॅमेऱ्यात काय कमी हाय? बटन दाबलं की चकचकीत फोटो तयार. तुझी रॉ फाईल उघडली की नवरी आजारी दिसून राहिली."

"अहो, तो तयार फोटो, म्हणजे जेपीईजी, बनवताना रंग किती, उजेड किती, हे कॅमेरा एका झटक्यात ठरवतो आणि उरलेलं फेकून देतो. रॉमध्ये कॅमेऱ्याच्या सेन्सरवर आलेलं सगळं राहतं. मग कॉम्प्युटरवर आपण निवांत ठरवायचं."

"निवांत तू बस बाई. पाहुणे जेवायच्या आत फोटो मागून राहिले."

शेवटी तडजोड झाली. प्रत्येक फोटोच्या दोन्ही फाईली ठेवायच्या. कार्ड लवकर भरलं की बोलणी मलाच.

आज दादांच्या घरी गेले, तर वहिनींनी मला आत बोलावलं. "हार घालायला यांचा एक फोटो दे गं."

मी शोधत बसले. अख्ख्या तालुक्याचे फोटो काढणाऱ्या माणसाचा एक धड फोटो नाही! जिथं तिथं तोंडासमोर कॅमेरा.

एक पाहुणे म्हणाले, "आधारवरचा घ्या, खाली कोट-टाय जोडा." दादा स्वतः गावोगावच्या म्हाताऱ्यांना असाच कोट जोडून द्यायचे.

वहिनी कडाडल्या. "जन्मात कोट घातला न्हाई त्यायनं. माझ्या भिंतीवर परका माणूस टांगू नका."

मग मला आठवलं. पुसेगावच्या एका लग्नात त्यांच्याच कॅमेऱ्यानं मी त्यांचा फोटो काढला होता. मंडपाच्या तोंडाशी उभे, मागं भर दुपारचं ऊन. स्क्रीनवर चेहरा ठार काळा.

"डिलीट मार," म्हणाले होते. कामाच्या गडबडीत राहून गेलं.

स्टुडिओतला लॅपटॉप दादांच्या घरीच आणला. वहिनी शेजारी बसल्या.

आधी जेपीईजी उजळून पाहिली. काळ्याचं राखाडी झालं, बस. माणूस नाहीच त्यात.

मग रॉ उघडली. सावलीतला भाग उजळणारा स्लायडर हळूहळू सरकवला.

कपाळ आलं.

डोळे आले.

मग तो पुढचा तिरपा दात.

आई गं! मी ओरडलेच. काल ज्यांना पोचवलं, ते समोर हसून राहिले होते.

उजेड वाढवला तसे फोटोत चेहऱ्यावर रव्यासारखे दाणे उठले. ते घालवले, रंगही जरा उजळ केला. हाताची सवयच ती, नवरी असो की नवरदेव.

वहिनींनी माझं मनगट धरलं.

"थांब. गोरे काहून करून राहिली त्यायला? होते तसे कर."

रंग परत होता तसा केला.

"आता बराबर हाय. लग्नाहून घरी यायचे तर असेच, उन्हानं रापलेले. मी म्हनायची, आधी हातपाय धुवा, मग जेवा."

स्क्रीनकडं बघतच होत्या.

"आता कोनाला म्हनू?"

मी फक्त सेव्ह केलं.

सोबतचा फोटो तोच आहे. स्टेटसला ठेवाल तर हात जोडते, फिल्टर लावू नका.

दादा, मला अजून खरं वाटत नाही. तरी माझी श्रद्धांजली घ्या.