वाटलेल्या कोंबड्या

काकूंचं सगळं आयुष्य कोंबड्यांमागे धावण्यात गेलं. लग्न होऊन आल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी सासूनं खाद्याची बादली हातात दिली, ती पुढे सुटलीच नाही. गल्लीच्या टोकाला त्यांची शेड. पिंजरे नाहीत, भुशावर मोकळ्या हिंडणाऱ्या कोंबड्या, आणि दिवसभर त्यांच्याशी भांडणाऱ्या काकू. नवरा म्हणायचा, "माझ्याशी एवढं बोलली असतीस तर संसार सुखाचा झाला असता!"

महामारीत तो गेला. दवाखान्यातून त्याचा चष्मा आणि चपला तेवढ्या पिशवीत घालून मिळाल्या. त्याच सुमाराला अंड्यांचे व्यापारी फिरकेनासे झाले, खाद्याची गाडी बंद पडली, आणि भुकेल्या कोंबड्या एकमेकींची पिसं उपटायला लागल्या. पलीकडच्या फार्मवाल्यानं सरळ जेसीबीनं खड्डा खणला आणि जिवंत पक्षी आत लोटले.

"काकू, तुम्हीही उरकून घ्या," तो म्हणाला.

काकूंचा हात काही धजेना. त्यांनी कोंबड्या घरोघर नेऊन दिल्या. कापा नाहीतर पाळा, म्हणाल्या, पण उपाशी मारू नका. गल्लीत तेव्हा कुणाच्याच हाताला काम नव्हतं. शेजारची शिंपीण, काकूंची जिवाभावाची मैत्रीण, तर त्यांच्या गळ्यात पडून रडली होती.

पुढे सरकारनं कोंबडीपालकांना मदत जाहीर केली. मिळाली तर नवी पिल्लं आणायची, नाहीतर शेड सिमेंटवाल्याला गोदामासाठी देऊन टाकायची, असं काकूंनी ठरवलं. कोंबड्या नसल्या तर सकाळी उठायचं तरी कशासाठी, हे मात्र त्यांना सुचत नव्हतं.

तपासणीला साहेब आले. वयानं कोवळे, स्वभावानं बरे. रिकामी शेड बघून त्यांनी विचारलं, "विल्हेवाट कशी लावली?"

"वाटल्या."

"म्हणजे? वाट लावली?"

"नाही हो साहेब! वाटल्या. लोकांना. फुकट."

साहेबांचं पेन थांबलं. "बाकीच्यांनी खड्डे दाखवले, काकू. तुम्ही काय दाखवणार? चला, ज्यांना दिल्यात त्यांनाच विचारू."

काकू उत्साहानं पुढे निघाल्या. पण पहिल्याच दारात माना हलल्या. "कोंबडी? छे, आम्हाला कुठली!" दुसऱ्या दारातही तेच. गोम अशी होती की सगळ्या गल्लीनं 'घरात खायला काही नाही' असं लिहून देऊन सरकारी धान्य चालू करून घेतलं होतं. फुकटच्या कोंबडीचा बोभाटा झाला तर तेही जाईल, या धास्तीनं तोंडं शिवली गेली होती. आपण कुणाला साक्षीला उभं करायला निघालोय, हे काकूंच्या गावीही नव्हतं.

शिंपिणीनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "यांचं मनावर घेऊ नका साहेब. मालक गेल्यापासून यांचं डोकं ठिकाणावर नाही."

हे मात्र काकूंच्या जिव्हारी लागलं. भर रस्त्यात उभं राहून त्यांनी रोज सकाळी शेडमध्ये घालायच्या तशी खणखणीत साद घातली, "या गं! या गं माझ्या बायांनो!"

आणि आल्या की! कुंपणाखालून, मोरीतून, शिंपिणीच्या तर थेट स्वयंपाकघरातून कोंबड्या पंख फडफडवत सुटल्या आणि काकूंच्या पायांशी येऊन दाटल्या. काकूंना हसू आवरेना आणि रडूही.

"बघा साहेब! माझ्याच आहेत ना?"

"तुमच्याच आहेत," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. "पण काकू, मदत मेलेल्या पक्ष्यांची आहे. या तर जिवंत आहेत. मी जे पाहिलं तेच मला लिहावं लागणार."

जे पाहिलं ते त्यांनी लिहिलं, कोंबडी कुठल्या घरातून निघाली त्यासकट.

गल्लीचं धान्य बंद झालं. शेडमध्ये सिमेंटची पोती लागली. त्या आठवड्यात, धरून परत नेलेल्या कोंबड्या घरोघर शिजल्या आणि वास पार गल्लीच्या टोकापर्यंत आला. काकूंकडे कुणी वाटीभर रस्साही पाठवला नाही.