नजरेने आचऱ्यापर्यंत

चिपीच्या माळावरून मी विमान उचललं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि शेजारची रोझीबाय खुर्ची ओढून माझ्या बाजूला बसली होती. विमान कॉम्प्युटरमधलं, पण त्या आकाशात फिरणारी माणसं खरी, आपापल्या घरी बसलेली. कानात बोलणारा नियंत्रकही खरा, पुण्याचा. त्या दिवशी माझी परीक्षा होती. नकाशावरची वाट दाखवणारी रेघ बंद ठेवून, खिडकीबाहेरच्या खुणा ओळखत आचऱ्याच्या खाडीपर्यंत जायचं आणि परत यायचं. याला म्हणतात नजरेचं उड्डाण. नियंत्रकाला एकदाही दिशा सांगावी लागली तर नापास. पास झाले तर रविवारी सगळे एकत्र उडतात, त्यांच्यात एकटीने उडायची परवानगी. तीन महिने दुसऱ्याच्या शेपटामागून उडून कंटाळले होते हो!

कर्ली नदीचं मुख आलं आणि माझं डोकंच फिरलं. देवबागेत, आमच्याच गावात, एक माड नाही! सगळीकडे टोकदार विलायती झाडं.

"आमचा घर खंय आसा गो?" रोझीबाय पडद्याला नाक लावून घर शोधत होती.

"झाडांखाली गेला!"

मालवणला आणखी संताप. किल्ला म्हणजे समुद्रात टाकलेली हिरवी गोधडी, तटाचा पत्ता नाही. खुणा या कॉम्प्युटरवाल्यांनीच पुसायच्या आणि परीक्षा माझी घ्यायची, तुम्हीच सांगा, हा कुठला न्याय?

पुढे खाड्या तीन. कोळंबची, सर्जेकोटची, मग आचऱ्याची. वरून तिन्ही सारख्याच दिसत होत्या. हात घामेजले. मग मी डावीकडे वळले, सरळ समुद्रात. माझे वडील होडीवाले. जाळं टाकायची जागा ठरवायला ते आधी लांब आत जायचे, मागचा डोंगर किनाऱ्याच्या पुढे आलेल्या टोकाच्या ओळीत येईपर्यंत. झाडं खोटी असोत, डोंगर तरी यांनी जागच्या जागी ठेवले होते.

तेवढ्यात कानात आवाज. "काकू, तुम्ही समुद्रात चाललात. उजवीकडे वळा."

"मी विचारलं का?"

"घाबरू नका, मी आणतो तुम्हाला परत."

"गप रव रे!" (गप्प बस.) रोझीबायच्या हातातला चहा सांडला.

डोंगर ओळीत आला. समोरचं मुख आचऱ्याचंच. तिथवर जाऊन वळले, चिपीला उतरले, जरा आपटतच.

"छान, काकू. पण मी दिशा सांगितली, म्हणजे नियमाने फेरी बाद. असू दे, तुमचं वय बघून पास करतो."

"वय बघून? आगाऊपणा तुझा आणि दया माझ्यावर? आत्ता पुन्हा उडते. तू तोंड उघडायचं नाहीस."

या वेळी मुद्दाम जास्तच लांब गेले, समुद्रात. त्याने हूं की चूं केलं नाही. प्रत्येक खाडीचं नाव मीच त्याला ठणकावून सांगितलं. परतताना कानात नुसती इंजिनाची घरघर, आणि लक्षात आलं, हात कोरडे आहेत. इतके दिवस ती रेघ मला नेत होती आणि मी त्यालाच उडणं समजत होते.

उतरल्यावर पडद्यावर निकाल उमटला : उत्तीर्ण. वयाच्या मानाने उत्तम.

"मधले दोन शब्द खोड," मी म्हटलं.

तो हसला. "राहू द्या की, काकू."

"खोड मेल्या, मी बसल्येय."

तो खोडेपर्यंत मी हेडफोन काढला नाही.