उत्तर वेशीवरची एर्मेनगार्ड

एर्मेनगार्डचं काम म्हणजे वेशीवर बसून लोकांचा अपमान करणं. त्यासाठी राजा तिला वर्षाला दोन पोती गहू आणि एक डुक्कर देतो. आज मला विचाराल तर अख्खा कळप दिला तरी कमीच आहे!

ती मूळची मासेवाली. वीस वर्षांपूर्वी तिचा गवंडी नवरा डागडुजीला तटाच्या पलीकडे गेला आणि तीन दिवसांनी परतला. हिनं दारातच तोंड सोडलं, "आलास? सैतानालाही नकोसा झालास वाटतं!" नवरा गोड हसला आणि म्हणाला, "हो, आलो." एर्मेनगार्डनं मासे कापायची सुरी सरळ त्याच्या गळ्यात खुपसली. जखमेतून रक्त नाही, काळा धूर आला.

"माझा माणूस उभ्या जन्मात माझं गप्प ऐकून घेणारा नव्हता," एवढंच ती सांगते आणि विषय बदलते.

सैतान माणसाचा चेहरा घेतो, आवाज घेतो, जुने व्रणसुद्धा घेतो. उलट बोलणं मात्र त्याला जमत नाही. म्हणून पलीकडून येणाऱ्या प्रत्येकाला ती तटावरून टोमणे मारते. तीन टोमण्यांत चोख उत्तर आलं तर दार उघडायचं, नाहीतर तटावरचा नायक राऊल याचे तिरंदाज बाण सोडतात. मधे कुणी उत्तर सुचवायचं नाही.

आज माझी लेक ओदील पहिल्या गस्तीवरून परत येणार होती. मी सकाळपासून तटावर. दुपारी धुक्यातून शिंग वाजलं. सहा स्वार गेले होते, सहाच दिसले! पण त्यांच्या मागे, धुक्यात, दगडावर नखं घासल्यासारखा आवाज येत होता.

"काय रे बेर्त्रां, घोड्यावर पोतं टाकून आणलंस का?" एर्मेनगार्ड ओरडली.

"पोतं तर वर तटावर बसलंय, म्हातारे!"

"चल, घूस आत!"

असे पाच जण आत आले. शेवटी ओदील.

"ए काटकुळे, तू चिलखत घातलंयस की चिलखतानं तुला?"

ओदीलनं मान खाली घातली. "आजी, कृपा करून दार उघडा."

"एक," राऊल म्हणाला.

ही माझीच करणी! मठात आठ वर्षं शिकलेली मी. मोठ्यांना उलट बोलायचं नाही, हे एकोणीस वर्षं तिच्या डोक्यात भरलं. गल्लीत मिरवायचे मी तिच्या शांतपणाचं!

"अगं, माझी मेलेली मासळी तुझ्यापेक्षा जास्त बोलते!"

"हो, आजी."

"दोन." धनुष्यं ताणली गेली. नखांचा आवाज जवळ आला. मी तोंड उघडलं तोच राऊलनं त्यावर हात दाबला.

एर्मेनगार्डनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खाली वाकली. "तुझी आई उभी आहे इथे. सकाळपासून रडतेय. रडताना अगदी म्हातारी शेळी दिसते!"

ओदीलनं मान वर केली. मग एकदम,

"शेळी नाही, कोंबडी! शेळी निदान गप्प चरते! चिलखताखाली घालायला लोकरीची बंडी दिलीय तिनं, सहा दिवस खाजवून जीव गेलाय माझा! पण तिला नावं मी ठेवीन, तुम्ही कोण? आधी तोंडाचा तो मासळीबाजार आवरा आणि दार उघडा!"

"उघड रे!" एर्मेनगार्ड किंचाळली. ओदीलचा घोडा उडी मारून आत आला, दार धाडकन बंद झालं आणि पुढच्याच क्षणी बाहेरून त्यावर काहीतरी आदळलं. तिरंदाजांनी एकदम बाण सोडले. मी रडत होते, हसत होते, दोन्ही.

एर्मेनगार्डनं माझा दंड धरला. "एवढी शिकलेली बाई तू, आणि पोरीला काय शिकवलंस? उद्यापासून दोघी या माझ्याकडे. रोज तासभर भांडण!"

"तुझ्या त्या माशांच्या वासात तासभर?" माझ्या तोंडून निघून गेलं. "अर्धा तास पुरे!"

म्हातारी खो खो हसली. "राऊल, ऐकलंस का? ही पण माणूसच निघाली!"