रुंद पायांचं घराणं

आमच्या मावशीला गावात कुणी नावाने ओळखत नसे. "जिन्यावरच्या बाई" म्हटलं की शेंबडं पोरसुद्धा बोट दाखवायचं. गावात पहिला मॉल झाला, दोन मजल्यांचा, आणि त्यात पहिला सरकता जिना आला. उद्घाटनाला अख्खं गाव लोटलं, पण जिन्यापाशी येऊन सगळे खांबासारखे उभे. एक गृहस्थ तर धीर करून पायरीवर बसले आणि वर पोचल्यावर उठायचंच विसरले. तेव्हा मॅनेजरने घाईघाईने एक बाई ठेवली, लोकांचा हात धरून त्यांना जिन्यावर चढवायला. ती माझी मावशी.

तिचे यजमान, आमचे काका, नुकतेच गेले होते, मूलबाळ नव्हतं, घर खायला उठायचं. नोकरी लोक शिकेपर्यंतचीच होती, पण मावशीने तिथे बस्तान बसवलं ते बसवलंच. तिची स्वतःची एक रीत होती. घाबरलेल्या माणसाला ती "पाय उचला" असं कधीच म्हणायची नाही. ऐन पायरीपाशी विचारायची, "धाकटा काय करतो हो हल्ली?" माणूस उत्तराच्या नादात पाऊल टाकायचा आणि धाकट्याचे प्रताप सांगून होईपर्यंत अर्ध्यावर पोचलेला असायचा. त्यामुळे गावातली दुखणी, भांडणं, जमलेली आणि मोडलेली लग्नं सगळ्यात आधी तिला कळायची. माझ्या आईला याचा भयंकर हेवा वाटे.

मग हमरस्त्यावर दुसरा मॉल झाला, याच्या चौपट. आमच्या मॉलमधून आधी आइस्क्रीमवाला गेला, मग खेळण्यांचं दुकान, मग एकेक करून बहुतेक सगळेच. काचांना आतून वर्तमानपत्रं चिकटली. मॅनेजरने एसी बंद केला, अर्धे दिवे काढले. वरच्या मजल्यावर एकच दुकान उरलं, चपलावाल्या भाऊंचं. मॅनेजर मावशीला स्पष्टच म्हणाला, "वरचं दुकान आहे तोवर जिना चालू. ते उठलं की जिना बंद. मग तुम्हाला तरी कशाला उभं करू, बाई?"

चपलावाले भाऊ म्हणजे देवमाणूस. गिऱ्हाईक लहान असो की थोर, स्वतः खाली बसून पायात जोडा घालणार, अंगठ्याने टोक दाबून बघणार. दुपारी ते आणि मावशी एकत्र डबा खात. ते तिला ताई म्हणत. एक दिवस जेवता जेवता ते म्हणाले, "ताई, नव्या मॉलमध्ये एक गाळा मिळतोय. जावं म्हणतो. इथे दिवसभर माश्या मारत बसतो."

मावशीने डबा अर्ध्यावरच झाकला. संध्याकाळी ती थेट आमच्याकडे आली आणि आईला म्हणाली, "रविवारी सगळे मॉलमध्ये या. भाऊंच्या दुकानात जा. घेऊ नका हवं तर, पण घालून बघा. चार माणसं दिसली तर त्यांचा जीव रमेल."

"आणि घेत का नाही असं विचारलं तर?" आईने विचारलं.

"सांगा, बसत नाही. पंजा रुंद आहे म्हणावं."

झालं. मामा, आत्या, आतेभाऊ, शेजारी, सगळे आळीपाळीने जाऊ लागलो. ज्याचे पाय भेंडीसारखे तो मामाही गंभीरपणे म्हणायचा, "काय करणार, आमच्या घराण्यातच रुंद पंजा!" बाबांनी तर कळस केला. जोड्यात पाय घालून "आई गं" म्हणून असे विव्हळले की भाऊंनी घाबरून तो जोडा ओढून काढला. घरी येऊन आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो.

भाऊंनी नव्या मॉलचा गाळा नाकारला. मावशी त्या आठवड्यात जिन्यापाशी गुणगुणत उभी असायची. मी तिला काका गेल्यानंतर पहिल्यांदाच इतकं खुशीत पाहिलं.

पुढच्या महिन्यात मॉलच्या मागच्या दाराशी टेम्पो लागला. भाऊंनी मावशीला हौसेने वर बोलावलं. दुकानात छतापर्यंत खोकी. "ताई, चूक माझीच होती. गिऱ्हाईक येत होतं आणि माझ्याकडे त्यांच्या पायाचा मालच नव्हता. होतं नव्हतं ते घालून खास बनवून घेतला. सगळा रुंद पंज्याचा."

मावशी खाली कशी आली, तिलाच आठवत नाही. आम्हा सगळ्यांना तिने एकेक जोड घ्यायला लावला. चालताना टाच एकीकडे आणि पाऊल दुसरीकडे जायचं, पण कुणी तक्रार केली नाही. तरी एका घराण्याला पाय असून असून असणार किती? चुकून येणारी बाकीची गिऱ्हाइकं जोडा घालायची, दोन पावलं टाकायची आणि जोड्यातून बाहेर यायची. भाऊ रविवारी दाराकडे बघत बसायचे. पावसाळा सरायच्या आत मालकांनी मॉललाच कुलूप लावलं. जिना बंद झाला, मावशी घरी बसली. जिन्याचं नाव तिने एकदाही काढलं नाही. तिला लागून राहिलं होतं ते वेगळंच.

भाऊ बस स्टॉपजवळच्या फुटपाथवर ताडपत्री अंथरून बसू लागले होते. एका सकाळी मावशी मला सोबत घेऊन तिथे गेली. भाऊ एका जोड्याची धूळ पुसत होते. तिला बघून त्यांना आनंद झाला, "या ताई" म्हणून त्यांनी आपलं बसायचं खोकं पुढे केलं. मावशी बसली नाही. उभ्यानेच तिने सगळं सांगितलं, काही न लपवता. माझ्या मनात आलं, आता हे शिव्या देतील, आणि द्याव्यातच, म्हणजे ही एकदाची मोकळी होईल.

भाऊंचा हात थांबला. त्यांनी विचारलं, "म्हणजे कुणाचाच पाय रुंद नव्हता?"

"नाही हो, भाऊ."

"तुमच्या मेहुण्यांचाही नव्हता?" भाऊंनी मागच्या खोक्यांतलं एक काढून उघडलं. "हा त्यांच्यासाठी ठेवला होता. आतून मऊ अस्तर लावून घेतलंय. म्हटलं, त्यांना फार दुखतं."