गेटच्या आत आण्णा

देवळाली प्रवराच्या बाहेर, उसाच्या रानांमध्ये शेतीची अवजारं बनवणारा एक सरकारी कारखाना होता. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, तिथे ओतकामाच्या भट्टीवर होते. नव्वदीच्या सुरुवातीला सरकारने तो एका खासगी मालकाला विकला. मालकाला जागा हवी होती, यंत्रं हवी होती. माणसं नको होती. एका सकाळी कामावर गेलेली माणसं गेटवरची नोटीस वाचून भरलेले डबे घेऊन तशीच घरी परतली.

ग्रॅच्युइटी, फंड, कपातीची भरपाई हे शब्द आमच्या घरात तेव्हा पहिल्यांदा शिरले. नवा मालक म्हणायचा, जुनी देणी सरकारची. सरकारी कचेरीत सांगायचे, कारखाना देण्यांसकट विकलाय, मालकाला विचारा. शेवटी कामगारांनी नगरला कामगार न्यायालयात दावा लावला. साहेबांसमोर उभं राहून बोलायला कुणी तयार नव्हतं, म्हणून आण्णा आणि त्यांचे मित्र वेल्डरकाका पुढे झाले. काका बौद्धवस्तीत राहायचे. कारखान्यात दोघं वर्षानुवर्षं एकाच डब्यातलं जेवलेले. तारखेला दोघं एसटीने नगरला जायचे आणि बहुतेक वेळा पुढची तारीख घेऊन यायचे.

आण्णांना दुसरं काम मिळेना. राहुरीच्या बाजारात पोती उचलायला गेले, तिथे पाठीत चमक भरली ती कायमचीच. आई लोकांच्या रानात खुरपायला जाऊ लागली. मी कॉलेज सोडून शिलाई मशीनवर बसले.

एके दिवशी आण्णा खाकी कपडे घालून घरी आले.

"वॉचमन म्हणून घेतलंय," ते दारातूनच म्हणाले. "आपल्याच कारखान्यावर."

आईने विचारलं, "आन् दावा?"

"माझ्यापुरता काढून घेतला. माझं काय बी येणं न्हाई, अशी सही करून दिली."

"वेल्डरभावजींना सांगितलं?"

आण्णा शर्टाची बटणं काढत बसले. आईने पुन्हा विचारलं नाही. काकांना ते दुसऱ्या दिवशी गावातून कळलं. भांडायलासुद्धा ते आमच्याकडे आले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात भट्टीवरचाच एक जुना कामगार वारला. पैसे संपले म्हणून दवाखाना अर्धवट सोडून त्याला घरी आणलं होतं. त्याचं कार्य उरकल्यावर सगळे कामगार त्याच्या बायकोला घेऊन कारखान्यावर गेले, कारण त्या दिवशी मालक आत आहे असं समजलं होतं. मी आण्णांचा डबा घेऊन गेले आणि गर्दीत बाहेरच अडकले.

वेल्डरकाका गेटचे गज धरून उभे होते. "उघड," ते आण्णांना म्हणाले.

"मला हुकूम न्हाई."

"आमाला नको सोडू. हिला तरी जाऊ दे. मालकाशी दोन शब्द बोलंल."

"नोकरी जाईल माझी."

"आमची गेलीच हाय की."

आण्णांचा हात कुलपावर होता. आता उघडतील, असं मला वाटलं. ती बाई पदर सावरत पुढे आली. "भाऊ," ती म्हणाली, "भट्टीवर त्यांच्याशेजारीच उभे असायचे ना तुमी?"

आण्णांनी कुलपावरचा हात काढला आणि पाठ फिरवली.

मालक मागच्या रस्त्याने कधीच निघून गेला होता, हे नंतर समजलं. ऊन चढलं तशी माणसं पांगली. काही जण माझ्याकडे बघत गेले. मी गजांतून डबा आत दिला. आण्णांनी तो घेतला, पण माझ्या नजरेला नजर दिली नाही. मला त्यांचा इतका राग आला होता की घरापर्यंत मी रडत गेले. संध्याकाळी मात्र त्यांच्याच पगाराचं पीठ मी मळलं, आणि आम्ही सगळे जेवलो.

दाव्याचा निकाल दशक संपता संपता लागला. मागितलं होतं त्याहून पुष्कळ कमी, आणि व्याज नाहीच. मालकाने चेक कारखान्याच्या आवारातच वाटायचं ठरवलं. मी तेव्हा माहेरी आले होते.

"आज रजा टाका," आई सकाळी म्हणाली.

"न्हाई भेटत," आण्णा म्हणाले. त्यांनी ती मागितलीच नसावी.

दुपारी मी डबा घेऊन गेले, तेव्हा बाहेर रांग होती. बरेच जण वयाने थकले होते. काहींच्या जागी त्यांची मुलं आली होती. तेव्हा गेटवर आलेली ती बाईही आता हयात नव्हती. आण्णांनी प्रत्येकाला नाव विचारून मगच आत सोडायचं, असा हुकूम होता. वेल्डरकाका काठी टेकत पुढे आले.

"नाव?" आण्णा खाली बघत म्हणाले.

"इसरलास?"

आण्णा बाजूला झाले. काका आत गेले, आणि चेक खिशात घालून बाहेर आल्यावर गेटशी थांबले.

"तुझंबी आलं असतं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता.

"व्हय."

"सही करायच्या आधी मला इचारायचं तरी."

"तू करू दिली नसती."

काका काठी टेकत रस्त्याला लागले. ते वळणाआड जाईपर्यंत आण्णा बघत होते. रांगेतला पुढचा माणूस समोर आला. त्याला त्यांनी नाव न विचारताच आत सोडलं.