पाचव्या घरचं कापड

मनकर्णाची एक खोड होती. समोरून माणूस आलं की तिची नजर आधी त्याच्या कपड्यावर जायची, तोंडावर मागून. हे धोतर अजून वर्ष काढील, हे लुगडं आलंच वाकळेला, असं तिचं मनात चालायचं. जवळा बाजारच्या आसपासच्या गावांत तिनं जुन्या कापडाच्या शिवलेल्या वाकळा, म्हणजे गोधड्या, घरोघर होत्या. कापड ज्याचं त्याचं, हात मनकर्णाचा, आणि बदल्यात पायलीनं ज्वारी. नवरा गेल्यावर तिनं एकुलती लेक शकू वाढवली, तिचं लगीन लावून दिलं, ते सगळं सुईच्या टोकावर. दुपारी तिच्या ओट्यावर शेजारणी जमायच्या, वाकळेच्या चारी बाजूंनी धावदोरा घालायच्या आणि गावातल्या एकाही माणसाला धड ठेवायच्या नाहीत.

मग लढाई सुरू झाली आणि कापड गेलं. कुठं गेलं ते देवाला ठाऊक. कुणी म्हणे फौजेला गेलं, कुणी म्हणे शेटजीच्या तळघरात. कंट्रोलच्या दुकानात मिळालंच तर हातभर मांजरपाट, नाहीतर दुकानदाराचं वसकन अंगावर येणं. लुगडं विरलं की बायका विरलेला मधला भाग कापून, उरलेली टोकं जोडून दांड घालायच्या आणि तेच पुन्हा नेसायच्या. वाकळेला उरणार काय, कपाळ? मनकर्णाच्या सुया गंजल्या. ओट्यावरच्या मैत्रिणी एकेक करून यायच्या थांबल्या, कारण ही बाई आज ना उद्या चिंधी मागणार, हे त्यांना कळलं होतं. ती गल्लीतून निघाली की दांडीवरचं ओलं लुगडंसुद्धा घरात जायचं. ज्यांची पोरं तिच्या वाकळेत निजून मोठी झाली त्यांनी असं करावं, हे तिला फार लागलं.

अशा दिवसांत शकूला तिसऱ्यांदा दिवस गेले. आधीची दोन्ही लेकरं महिन्याच्या आत गेली होती. दोन्ही वेळा मनकर्णानं आपल्या मऊसूत लुगड्याचं दुपटं शिवलं होतं, आणि दोन्ही वेळा ते लेकराबरोबर मातीत गेलं होतं. शकूचा सासरा उकंडराव सेनगावकडून स्वतः गाडी जुंपून तिला माहेरी सोडायला आला आणि ओट्यावर बसून म्हणाला, "विहीणबाई, यंदा घरचं कापड लेकराच्या अंगाला लागू द्यायचं न्हाई. बराबर पाच घरचं मागून आणा, त्याची वाकळ शिवा, आन जल्मलं की त्यातच घ्या. माझ्या आधीची चार गेली. मायनं मला उकिरड्यावर टाकलं आन मागून आणलेल्या वाकळंत उचललं. म्हून तुमच्यापुढं बसून राहिलो."

यावर बोलणार काय? पुरावाच समोर बसून पान चघळत होता. आणि मनकर्णाला हे नवीन नव्हतं. तिची आजी सांगायची, चार घरं तिरडीची, पाचवं घर पाळण्याचं. चार घरच्या कापडाची वाकळ जित्या लेकराला घालायची नसते. मनकर्णानं आयुष्यभर अशा वाकळा दुसऱ्यांसाठी शिवल्या होत्या आणि त्यातली लेकरं जगलेली पाहिली होती. मेलेली कुणी मोजत नाही, हे तिच्या ध्यानात कधी आलं नाही.

दोरा घरचा चालणार नाही, म्हणून तिनं वेचणीच्या रानातून मूठमूठ कापूस मागितला आणि टकळीवर सूत काढलं. कापूस द्यायला कुणी का-कू केली नाही. गाव कापसानं पांढरं झालेलं, गोठ्यात, माडीवर, अंगणात कापूस, आणि अंगावर घालायला चिंधी नाही. असला मुलूख!

कापडासाठी मात्र तिचे जोडे झिजले असते, जोडे असते तर. सोनाजी तेल्यानं पटक्याचं टोक फाडून दिलं. एका म्हातारीनं चोळीची बाही उसवून दिली, "मला आता कुणाला दंड दाखवायचाय" म्हणून हसली. कुठं धोतराची पट्टी मिळाली, कुठं कुंचीचं अस्तर. झाली चार घरं. पाचव्यासाठी ती नर्मदाबाई पाटलिणीकडं गेली. या घरच्या वाकळांचा ढीग मनकर्णाच्याच हातचा होता. पाटलीण पेटीला टेकून बसली होती.

"अगं मनकर्णा, मीच दांड घालून नेसून राहिले. तुला काय देऊ?"

"पाटलीणबाई, वीतभर. लेकराच्या जिवासाठी."

"असतं तर दिलं नसतं का? काहून गळ्यात पडतीस?"

पेटीला भलंमोठं कुलूप होतं. मनकर्णानं ते पाहिलं आणि मान खाली घालून परत आली. तिला रडू आलं, आणि रडूपेक्षा राग जास्त आला.

देणारं कुणीच नव्हतं असंही नाही. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात सुया विकणाऱ्यापाशी तिची बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या मिराबाईशी गाठ पडायची. मिराबाई आरसे लावून, कवड्या लावून असं भरतकाम करायची की मनकर्णासुद्धा बघत उभी राहायची. मिराबाईनं तिचं तोंड पाहून विचारलं, ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाई, माझ्या डोईवरच्या फडकीचं घे की. ये तांड्यावर, दोघी बसून टाके घालू." मनकर्णा "बघू" म्हणाली आणि दुसरीकडं वळली. तांड्याच्या कापडाला व्याही काय म्हणतील, गाव काय म्हणेल, हा किडा तिच्या डोक्यात. गावानं काय दिलं होतं, हे मात्र तिनं स्वतःला विचारलं नाही. अजून महिना हाती आहे, कुणीतरी देईल, असं तिनं धरून ठेवलं.

लेकरानं महिना थांबायचं नाकारलं. पौषात आभाळ आलं होतं, वारा अंगात शिरत होता, आणि सकाळीच शकूच्या पोटात कळा सुरू झाल्या. सुईण पार्वतीबाई आली, आणि दिवस वर यायच्या आत लेकरू झालं. मुलगा. बोटभर, पण रडला. पार्वतीबाईनं हात पुढं केला, "आण दुपटं."

मनकर्णानं चार घरची वाकळ हातात घेतली होती. शिवून तयार, फक्त एक कोपरा उघडा. तिनं ती पोटाशी धरली.

"न्हाई. याच्यात न्हाई. ही अजून तिरडीची हाय."

"मग तुझं लुगडं फाड. लेकरू गारठून राहिलं."

"घरचं लावायचं न्हाई. दोन गेली माझी. तुला माझ्या गळ्याची आण हाय पार्वतीबाई, मी येईस्तवर घरचं सूतसुद्धा त्याला लावू नको. सुपात ठेव, भुसा घाल, शेगडी जवळ घे. ही गेले न् ही आले."

आणि ती निघाली. तांडा माळाच्या पल्याड. म्हातारपणाकडं झुकलेली बाई वाऱ्यात तोंड घालून पळत सुटली, अनवाणी, ऊर फुटेस्तवर. आता तिला व्याही आठवला नाही, गावही नाही. मिराबाई चुलीपाशी होती. हिचा अवतार पाहून तिनं डोक्यावरची फडकी काढली आणि दातानं टरकावली. लाल कापड, त्यावर निळा टाका. "जा बाई, पळ," एवढंच म्हणाली. मनकर्णानं ते छातीशी कवटाळलं आणि तशीच माघारी फिरली. येताना वाटेत ती मोठ्यानं बोलत होती, झालं रे बाळा, झालं, आलं तुझं पाचवं घर.

दारातूनच ती ओरडली, "मिळालं गं शकू! मिळालं!"

सूप रिकामं होतं. पार्वतीबाई भिंतीकडं तोंड करून बसली होती. शकू चुलीला चिकटून बसली होती, अंगावर नुसती चोळी आणि गुडघ्यावर पोतं. तिनं स्वतःचं लुगडं सोडून लेकराभोवती घडीवर घडी गुंडाळलं होतं आणि ते बोचकं उराशी दाबून ती पुढंमागं हलत होती. आण पार्वतीबाईला घातली होती, शकूला नव्हे. पण शकूला उठून बसायची ताकद येईस्तवर उशीर झाला होता.

मनकर्णा सुई शोधू लागली. सुई सापडली, दोरा ओवेना. "एक कोपराच राहिलाय," ती म्हणत होती, "एकच कोपरा."

"माय," शकू म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "ते रडून राहिलं होतं. किती येळ रडलं. मंग बारीक झालं. तुझ्या अंगावर लुगडं होतं, अन् तू ते नेसून पळत गेलीस."

तिसऱ्या दिवशी उकंडराव आला. सगळं ऐकून घेतल्यावर त्यानं मान हलवली. "पाचवं घर उशिरा गाठलं तुमी, विहीणबाई. वेळंवर मिळतं तर वाचतं." आणि मनकर्णाचं दुर्दैव असं, की तिला ते खरं वाटलं. तिनं मान डोलावली. शकूनं ते पाहिलं.

शकू गाडीत बसली तेव्हा मनकर्णा चाकाला धरून उभी होती. शकूनं पदर ओढून घेतला आणि बैलांकडं बघत राहिली. गाडी सेनगावच्या वाटेला लागली, आणि त्यानंतर शकू माहेरी आली नाही.