बोटभर वाकडी भिंत

नेरळला आमची नवी खोली बांधणाऱ्या गवंड्याचा काटकोनावर भारी जीव. कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन फुटांवर खूण, दुसरीवर चार फुटांवर. मधलं तिरकं अंतर बरोबर पाच फूट भरलं की मिशीत हसायचा. एकदा ते बोटभर जास्त भरलं आणि पठ्ठ्यानं कंबरेएवढी भिंत पाडायलाच घेतली!

"अहो, बोटभर कुणाला दिसतंय?" मी किंचाळलो.

"तुमाला नाय दिसणार, दादा. पण आजी भिंत धरून चालतात. ही वाकडी गेली, तर त्या दारात नाय, चौकटीवर जातील."

दृष्टी गेलेली माझी आई ओट्यावर बसून ऐकत होती. नुसतीच हसली.

आता ती त्याच भिंतीला हात लावून तोऱ्यात दाराबाहेर पडते. चौकटीवर आपटतो तो मीच.